आढीतला हापूस

हापूस झाडावरून उतरवतात तेव्हा पूर्ण वाढलेला, पण कच्चा असतो. देठाजवळचे खांदे भरून आले की फळ काढणीला तयार समजतात. पुढचे काम आढीत होते. भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचे थर रचतात. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते. पेंढ्यामुळे तो वायू आणि ऊब दोन्ही टिकतात. मग गरातल्या पिष्टाची साखर होते, आम्लता घटते आणि कॅरोटिनॉइडांमुळे केशरी रंग चढतो.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये. सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली त्याच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकलेला आंबा मात्र तिथे काही दिवस चांगला राहतो.

विकत घेताना रंगापेक्षा वासावर विसंबावे. देठाशी गोड घमघमाट असावा, फळ हाताला किंचित मऊ लागावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात.

देठाचा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून आंबे पाण्यात बुडवून, धुऊनच रस काढावा. रस फार उकळू नये; उष्णतेने सुगंधी द्रव्ये उडून जातात.