कांचेचें भांडें आणि ओव्हनची आंच

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीचा वाढदिवस होता. शिवनेरीच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या जुन्नर गांवीं त्या दिवसांत थंडी चांगलीच जाणवते. सूनबाईंनीं रव्याचा केक करावयाचें योजिलें. परंतु केकचा डबा शेजारीं गेलेला, म्हणून कोशिंबिरीचें जाड कांचेचें भांडें त्यांनीं ओव्हनमध्यें ठेवलें. केक उत्तम फुगला. भांडें बाहेर काढून कडप्प्याच्या ओलसर ओट्यावर ठेवलें मात्र, आणि फटाका वाजावा तसा आवाज होऊन त्याचे तुकडे स्वयंपाकघरभर उडाले. नात दोन हातांवर उभी होती. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं.

“मामंजी, पाऊण तास तापलें तेव्हां फुटलें नाहीं, मग बाहेर येतांच कां फुटलें?” सूनबाईंच्या या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. जन्मभर मुलांस प्रश्न विचारणाऱ्या मास्तरास हें शोभेना. म्हणून आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, कांच नुसत्या उष्णतेनें फुटत नाहीं. केकला सुमारें 180 अंश उष्णता लागते. साधी कांच मऊ पडावयास सुमारें 700 अंश लागतात. कांच फुटते ती विषम उष्णतेनें. वाळू, सोडा आणि चुना यांपासून केलेली नित्याची कांच प्रत्येक अंशास दहा लाखांत सुमारें नऊ भाग प्रसरण पावते. शिवाय ती उष्णतेची मंद वाहक आहे. तापलेल्या भांड्याचा तळ थंड दगडास लागला कीं तो आकुंचन पावूं पाहतो, वरचा भाग मात्र फुगलेलाच राहतो. या ओढाताणींत कांच तडकते. भांडें जितकें जाड, तितका हा फरक अधिक. “जाड तें मजबूत” ही समजूत येथें उलटी ठरते.

हें ज्ञान आमच्या घरांत नवें नव्हतें. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस 1916 सालीं ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. पेटत्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा थेंब उडाला कीं ती तडकते, हें त्या काळीं लहान मुलासहि ठाऊक असे.

गंमत अशी कीं, ओव्हनमधील कांचेचा जन्महि कंदिलांतूनच झाला. अमेरिकेंत आगगाडीच्या कंदिलांच्या तापलेल्या कांचा पाऊस-बर्फ लागून फुटत; म्हणून कॉर्निंग कंपनीनें कमी प्रसरण पावणारी कांच तयार केली. 1913 सालीं तेथील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नीनें अशा कांचेच्या, विजेच्या बॅटरीसाठीं केलेल्या भांड्याचा कापलेला तळ घेऊन त्यांत केक भाजला, आणि 1915 सालीं ‘पायरेक्स’ भांडीं बाजारांत आलीं. टांकणखारांतील बोरॉन मिसळलेल्या या बोरोसिलिकेट कांचेचें प्रसरण साध्या कांचेच्या सुमारें तिसरा हिस्सा असतें. आपल्याकडे बोरोसिल कंपनी 1962 सालीं निघाली. मात्र केवळ नांवावर विसंबूं नये; अमेरिकेंत पायरेक्स नांवाचीं भांडींहि पुढें ‘टेम्पर्ड’ केलेल्या साध्या कांचेचीं होऊं लागलीं. टेम्पर्ड कांच बळकट खरी, परंतु अचानक येणारा थंडावा ती बोरोसिलिकेटइतका सोसत नाहीं.

घोडेगांवच्या आमच्या भगिनीस हें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “दादा, मी कित्येक वर्षें जॅमच्या बाटलींत छोटे केक करतें, एकहि फुटली नाहीं.” अगं, आजवर फुटली नाहीं म्हणजे उद्यां फुटणार नाहीं, असें अनुमान तर्कशास्त्रास मान्य नाहीं. रोजच्या घासण्यानें कांचेवर बारीक चरे पडतात, आणि तडा त्या चऱ्यांतूनच सुरू होतो.

तेव्हां गृहिणींस आमची विनंती अशी. पाणी पिण्याचे पेले, बरण्या, बाटल्या आणि कोशिंबिरीचीं भांडीं ओव्हनमध्यें कदापि ठेवूं नयेत. तळावर अथवा खोक्यावर ओव्हनसाठीं योग्य असल्याचें लिहिलेलें असेल तेंच भांडें घ्यावें. केवळ मायक्रोवेव्हसाठींचें चिन्ह पुरेसें नाहीं. भांडें फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्यें घालूं नये, आणि शेगडीवर तर मुळींच ठेवूं नये. ओव्हन आधीं पुरता तापवून मग भांडें आंत ठेवावें. बाहेर काढल्यावर तें कोरड्या लाकडी पाटावर किंवा कोरड्या जाड फडक्यावर ठेवावें. पाणी शिंपडूं नये. चरा अथवा टवका पडलेलें भांडें बाद करावें. आणि दुर्दैवानें फुटलेंच, तर त्यांतील व आसपासचें अन्न निःशंकपणें टाकून द्यावें. कांचेचा कण डोळ्यांस दिसत नाहीं. मुलांस दूर ठेवून मगच तुकडे उचलावे.

संस्कृत कवींनीं कांच आणि मणि यांतील भेद ओळखावयास शिकविलें. आतां घरांत कांच आणि कांच यांतील भेद ओळखावयास हवा. तो साधत नसेल, तर ॲल्युमिनियमचा साधा डबा बरा. आमच्या सूनबाईंनीं तो शेजारून परत आणला आहे, आणि आतां तो कोणास देत नाहींत.