निबचे माप आणि खानदेशचा उन्हाळा

आजोबांच्या कपाटात किंवा एखाद्या जुन्या दप्तरात तुम्हाला फौंटन पेन सापडले, तर आधी त्याचे टोपण काढा आणि निबकडे भिंगातून नीट बघा. निबवर कारखान्याचे नाव असेल, कदाचित एखादा आकडा असेल आणि त्याच्या जवळपास 'एफ', 'एम' किंवा 'बी' असे एखादे इंग्रजी अक्षर कोरलेले असेल. एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम आणि बी म्हणजे जाड.

तिकिटे आणि नाणी जमवणारे हौशी लोक तुम्हाला माहीत आहेत. तसेच पेने जमवणारेही असतात. अशा पाच जणांना विचारा, की सर्वांत चांगली निब कोणती? पाच उत्तरे मिळतील! एकाला केसासारखी बारीक रेघ हवी असते, तर दुसरा म्हणतो की जाड निबशिवाय शाईचा खरा रंगच दिसत नाही. तिसऱ्याला रेघेपेक्षा निबच्या आकाराचेच वेड. हे सारे हट्ट नुसते लहरीचे आहेत का? मुळीच नाही. त्यांच्यामागे द्रवपदार्थांचे साधे नियम आहेत, आणि ते पाहायला जळगाव-धुळ्यासारखी जागा नाही. तिथे हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो आणि मे महिन्यात ४४ अंशांवर चढतो. एकच पेन या दोन्ही टोकांना लिहायला लावले म्हणजे निबचे गुपित उघडे पडते.

आधी एक घोटाळा दूर करू. निबला दोन मापे असतात. '५ नंबर', '६ नंबर' हे आकडे अख्ख्या निबचा आकार सांगतात. निबखाली जी काळी खाचा असलेली जीभ असते, तिच्या जाडीशी (मिलिमीटरमध्ये) हा आकडा ढोबळमानाने जुळतो. एफ, एम, बी ही अक्षरे मात्र फक्त टोकाची रुंदी सांगतात. म्हणजे भली मोठी ६ नंबरची निब बारीक लिहू शकते आणि लहानशी निब जाड लिहू शकते. मग मोठ्या निबचा सोस कशाला? दिसायला ती ऐटदार असते हे खरेच, पण दुसरेही एक कारण आहे. पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरा आणि बाहेर आलेले टोक बोटाने खाली दाबा. बाहेरचा भाग जितका लांब, तितकी पट्टी सहज वाकते. हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. धातू, जाडी आणि रुंदी तीच ठेवून निबच्या पात्या सव्वापट लांब केल्या, तर त्या तेवढ्याच दाबाने जवळजवळ दुप्पट वाकतील. म्हणून काही मोठ्या निबा हाताला मऊ लागतात. जाड पत्र्याची मोठी निब मात्र खिळ्यासारखी ताठ असते. तेव्हा नुसता आकडा पाहून भुलू नये!

आता टोकाकडे वळू. निबच्या मधोमध एक चीर असते आणि ती टोकाकडे निमुळती होत जाते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते ते धाग्यांमधल्या सूक्ष्म फटींमुळे. यालाच केशाकर्षण म्हणतात. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत जेमतेम दीड सेंटिमीटर. जागा जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. म्हणून शाई जिभेच्या खाचेतून चिरेत आणि चिरेतून थेट टोकाशी खेचली जाते. तेथे कागद तिची वाटच पाहत असतो, कारण कागदाचे तंतू म्हणजेही वातच की! पण शाई बाहेर गेली तर तिच्या जागी हवा आत यायला हवी, नाही तर प्रवाह थांबेल. शाईला एक वाट आणि हवेला दुसरी, ही सोय जिभेत नीट करून न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतले, आणि तेव्हापासून फौंटन पेन भरवशाचे झाले.

चिरेतून किती शाई वाहील हे चिरेच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. बाकी सारे तसेच ठेवून चीर दुप्पट रुंद केली तर प्रवाह दुप्पट नव्हे, आठपट होतो! म्हणून पेन दाबून लिहिणाऱ्या मुलाची निब थोडीशी फाकली, की एकदम शाई ओकू लागते. टोकावरचा कठीण धातूचा बारीक मणी झिजायला वर्षे लागतात, पण चीर बिघडायला एक आपटी पुरते.

या प्रवाहाला अडवतो तो शाईचा दाटपणा, म्हणजेच विष्यंदिता. पेनची शाई बहुतांशी पाणीच असते. १० अंशांच्या पाण्याची विष्यंदिता ४० अंशांच्या पाण्याच्या दुप्पट असते. म्हणजे धुळ्यातल्या डिसेंबरच्या पहाटे जी निब नेमस्तपणे लिहीत होती, तिच्यातून मे महिन्यातल्या दुपारी शाई दुपटीने सहज वाहू शकते. निबवर कोरलेले अक्षर 'एम'च, पण वहीवर उमटते 'बी'सारखी रेघ. म्हणजे निबवरचे अक्षर फार तर सुरुवात सांगते. कागदावरची रेघ किती जाड होणार हे शाई, कागद, हवा आणि हात मिळून ठरवतात.

मग उन्हाळ्यात सगळ्यांनी बारीक निबच वापरावी का? थांबा, इथेच गंमत आहे. खानदेशातला उन्हाळा नुसता गरम नसतो, तो कोरडाही असतो. टोपण उघडून तुम्ही पुढचे वाक्य जुळवीत बसता, तेवढ्यात टोकावरचे पाणी उडून जाते आणि रंग तेवढा मागे राहतो. टोकाशी शाई जितकी थोडी, तितकी ती लवकर सुकते. मग बारीक निबचे पहिले अक्षर उमटतच नाही, आणि आपण पेन झटकतो. (पुढे बसलेल्याच्या शर्टाची पाठ अशा वेळी पाहण्यासारखी असते.) जाड निब अशी चटकन रुसत नाही. या दुखण्यावर एक चांगला उपाय निघाला, तो म्हणजे झाकलेली निब. १९४१ साली बाजारात आलेल्या 'पार्कर ५१' पेनात जवळजवळ सारी निब आवरणाखाली दडवून फक्त टोक बाहेर ठेवले होते. चीनच्या 'हिरो' पेनांनी हीच तऱ्हा उचलली आणि ती आपल्याकडे घरोघरी पोचली. उघड्या, झगझगीत निबच्या शौकिनांना ती निब चिमणीच्या चोचीएवढी वाटते, पण कोरड्या हवेत तिची बाजू भक्कम आहे.

उन्हाळ्याचा आणखी एक प्रताप. आपल्याकडची पुष्कळशी पेने ड्रॉपरने भरायची, म्हणजे अख्खी नळी हीच टाकी. समजा, अशा पेनात २ घनसेंटिमीटर हवा आहे आणि पेन २५ अंशांच्या खोलीतून ४२ अंशांच्या बाहेरच्या हवेत गेले. नुसती हवाच साडेपाच टक्क्यांहून अधिक फुगते. त्यात शाईतून निघालेली वाफ मिसळते, आणि एकूण वाढ ११ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे सुमारे ०.२ घनसेंटिमीटर. ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे साधारण १ घनसेंटिमीटर, तेव्हा ही झाली चार थेंब शाई! पेन दप्तरात आडवे पडले असेल तर ती कोठे जाईल हे सांगायला नको. निब वर करून उभे ठेवले तर मात्र शाईऐवजी हवाच निसटते. जिभेवरच्या आडव्या खाचा अशी जादा शाई काही वेळ धरून ठेवतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. जळगावकडे केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, त्याच्या जोडीला हा दुसरा. उपाय सोपा आहे. पेन भरलेले ठेवावे, म्हणजे फुगायला हवाच थोडी राहील.

आता कागद. स्वस्त वहीच्या कागदावर शाई तंतूंच्या वाटेने फुटते आणि बारीक निबही मध्यम लिहू लागते. गुळगुळीत, शाई न पसरू देणाऱ्या कागदावर जाड निब शोभून दिसते. आपल्या लिपीचाही विचार केला पाहिजे. वहीच्या दोन रेघांमध्ये सुमारे ८ मिलिमीटर जागा असते. तिच्यात वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि मध्ये ३ मिलिमीटरचे अक्षर बसवायचे. अशा अक्षराच्या पोटातली जागा मिलिमीटरभरच उरते. तिथे ०.८ मिलिमीटरची रेघ आली की 'क'चे पोट बुजते आणि 'उद्ध्वस्त' हा शब्द खरोखरच उद्ध्वस्त होतो! जपान्यांपुढेही हीच अडचण आहे, कारण त्यांच्या लिपीतही एका चौकटीत पुष्कळ रेघांची गर्दी असते. म्हणून जपानी 'एफ' बहुधा युरोपच्या 'एफ'पेक्षा बारीक निघते. सर्व कारखाने पाळतात असे एकच माप नाही, आणि संग्राहकांचे निम्मे वाद तेथेच जन्मतात.

पण मग आपले पूर्वज जाड बोरूने कसे लिहीत? याचे उत्तर धुळ्यातच मिळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमवले. ते धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावी समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. पोथ्यांतली देवनागरी अक्षरे टपोरी असतात, ओळींत जागा सोडलेली असते, त्यामुळे जाड रेघेलाही पोट मोकळे मिळते. मोडीत लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे तिला लटकावीत जाई. आणि निब कोणत्या नंबरची? ज्याची त्याने चाकूने तासलेली! बोरूचे टोक तिरपे कापत, आणि देवनागरीसाठी हा तिरपेपणा इंग्रजीच्या उलट्या बाजूचा असतो. तुमच्या इंग्रजी पुस्तकात छापलेला मोठा 'ए' पाहा. त्याचा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो. देवनागरी बोरूने तशीच दोन तिरप्या रेघा ओढल्या तर नेमके उलटे होते. म्हणूनच परदेशी चपट्या टोकाची महागडी निब घेऊन मराठी सुलेखन करू पाहणाऱ्याचा हात अवघडतो.

एक धोक्याची सूचना येथेच द्यायला हवी. जुनी शाई काजळी आणि डिंक घोटून केलेली असे. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने फिका पडत नाही, म्हणून ती अक्षरे आजही काळीभोर आहेत. पण तशी शाई फौंटन पेनात कधी भरू नका. काजळीचे कण आणि डिंक जिभेच्या खाचेत बसतील आणि पेन कायमचे मुके होईल. फौंटन पेनच्या शाईत पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग असतो.

निबला सर्वांत मोठी कसोटी लागते ती वेगाची. धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. माणूस मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो, हाताने मात्र पंचवीस-तीसच लिहितो. अशा वेळी लेखणी क्षणभर अडली तरी वाक्य निसटते. भराभर लिहिणाऱ्याला ओली, न अडखळणारी निब हवी असते. सावकाश, कोरून लिहिणाऱ्याला तीच निब नकोशी होते, कारण हात जेथे थांबेल तेथे ती ठिपका सोडते.

तुमच्या निबची रेघ किती जाड आहे हे मोजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. दहा रेघा एकीला एक चिकटून, मध्ये फट न सोडता ओढा. तयार झालेला पट्टा पट्टीने मोजा आणि दहाने भागा. पट्टा ६ मिलिमीटर भरला तर रेघ ०.६ मिलिमीटरची. हा पट्टा डिसेंबरात एकदा पहाटे काढा, शेजारी तारीख आणि तापमान लिहा, आणि तेच पेन, तीच शाई, तीच वही घेऊन मे महिन्यात दुपारी दुसरा पट्टा त्याच्या खाली काढा.