शब्दार्थ पाठ झाले, गोष्ट कळली का?

‘नाडा तुटला तसे धावेवरचे बैल अडखळले. थारोळ्यातलं पाणी ओसरलं, पाट सुकला, आणि तात्या सोप्यात येऊन बसले ते रात्रीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.’ ही वाक्ये उदाहरणासाठी रचली आहेत, पण मराठी ग्रामीण कथेत अशी वाक्ये पावलोपावली भेटतात. आता सातवीच्या वर्गाला सांगा, यातले कठीण शब्द अधोरेखित करा. कदाचित एकही हात वर येणार नाही. नाडा पायजम्याचा असतो, धाव क्रिकेटमध्ये काढतात, पाटावर जेवायला बसतात, सोपा म्हणजे अवघड नसलेला. थारोळेही ऐकलेले असते, कारण बातमीत माणूस ‘रक्ताच्या थारोळ्यात’ पडलेला सापडतो. विहिरीतले पाणी बैलांकरवी वर काढणारी मोट ज्यांनी पाहिली त्यांना हे चित्र लगेच दिसेल : मोट ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा, बैल ज्या उतारावरून खाली जात मोट वर खेचतात ती धाव, मोट रिकामी होते ते विहिरीच्या काठावरचे कुंड म्हणजे थारोळे, आणि तिथून शेताकडे पाणी नेणारा तो पाट. सोपा म्हणजे घराचा पुढचा, बसण्या-उठण्याचा भाग. इंजिने आणि विजेचे पंप आले तशी मोट गेली. शब्द मात्र दुसऱ्या अर्थांनी घरात राहिले. म्हणून अपरिचित शब्द म्हणजे कधीच न ऐकलेला शब्द, हा पहिला गैरसमज आधी बाजूला ठेवायला हवा. न ऐकलेल्या शब्दापाशी मूल निदान थांबते. ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द त्याला थांबूही देत नाही. ‘कोणता शब्द अडला?’ या प्रश्नाने तो सापडत नाही. ‘नेमके काय तुटले आणि त्यामुळे काय झाले?’ असे विचारले की सापडतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे शब्दार्थांची यादी. धड्याखाली ती छापलेली असते, गाइडमध्ये आणखी लांब असते, आणि शिकवण्याआधी फळ्यावर उतरवून घेतली की निम्मे काम झाले असे मानले जाते. पुरावा याला फारसा दुजोरा देत नाही. स्टाल आणि फेअरबँक्स यांनी १९८६ मध्ये शब्दसंपत्ती शिकवण्यावरच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. ज्या पद्धतींत शब्दाची नुसती व्याख्या दिली जात होती, त्यांचा मजकूर समजण्यावर भरवसा ठेवावा असा परिणाम दिसला नाही. व्याख्येच्या जोडीला शब्द वाक्यात कसा वागतो हेही दाखवले, तेव्हा परिणाम दिसला. याचे कारण जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी यांच्या १९८७ च्या लेखात छान दिसते. अमेरिकी मुलांना कोशातल्या व्याख्या देऊन वाक्ये करायला सांगितली. एका शब्दाच्या नोंदीत उत्तेजित करण्याबरोबर ढवळण्याचाही उल्लेख होता, तर त्या शब्दाचे वाक्य असे निघाले की बाईंनी सूप उत्तेजित केले. मुलाने चूक केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्याख्येतला जो तुकडा ओळखीचा वाटला तो त्याने उचलला, एवढेच. आपल्याकडे ‘थारोळे – कुंड’ असे लिहून दिले की हेच घडते. ज्याला थारोळे माहीत नाही त्याला कुंड तरी कुठे माहीत असते? एका न कळलेल्या शब्दाच्या जागी दुसरा न कळलेला शब्द येतो, आणि तो पाठ झाल्यामुळे कळल्यासारखा वाटतो. ‘वाकळ – गोधडी’ ही जोडी मात्र उपयोगी पडते, कारण गोधडी मुलाने पांघरलेली असते. समानार्थी शब्द वस्तूचे नाव बदलून देतो. वस्तूच माहीत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

यादीला कंटाळलेले शिक्षक मग दुसऱ्या टोकाला जातात : अर्थ सांगूच नका, संदर्भावरून मुलांना ओळखू द्या. हे ऐकायला अधिक आधुनिक वाटते आणि त्यात अर्धे सत्य आहेही. आपण मोठी माणसे जेवढे शब्द जाणतो त्यांतले फारच थोडे कुणी शिकवून आलेले असतात, बाकीचे ऐकून-वाचून मुरलेले असतात. पण ते मुरायला किती वेळ लागतो? स्वानबॉर्न आणि द ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये २० प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. नेहमीसारखे वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्के शब्द मुले शिकतात, असे त्यातून निघाले. वर्षभर भरपूर वाचणाऱ्या मुलाच्या खात्यात हे १५ टक्के मोठी भर घालतात, पण आज तासाला जी एक कथा समोर आहे तिच्या दृष्टीने पाहिले तर शंभरातले ८५ शब्द निसटलेलेच राहतात. शिवाय संदर्भ नेहमी मदतच करतो असेही नाही. इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले, की काही संदर्भ अर्थापर्यंत नेऊन सोडतात, काही अंधूक कल्पना देतात, काही काहीच सांगत नाहीत, आणि काही चक्क चुकीच्या वाटेला लावतात. आपल्या दोन वाक्यांत यांतले बरेच सापडतात. ‘सोप्यात येऊन बसले’ यावरून ही घरातली बसायची जागा आहे हे लक्षात येते. ‘थारोळ्यातलं पाणी’ म्हटल्यावर पाणी साठण्याची जागा कळते, विहिरीशी तिचा संबंध कळत नाही. ‘नाडा तुटला’ हा संदर्भ मात्र वर्गात हशा पिकवणार, आणि त्या हशाखाली कथेची मुख्य घटना बुडणार. लेखकाने वाक्ये शब्द शिकवायला लिहिलेली नसतात. ज्या वाचकासाठी ती लिहिली त्याला मोट ठाऊक होती.

दोन्ही गैरसमजांच्या मुळाशी एकच चूक आहे : सगळे अनोळखी शब्द एकाच वजनाचे धरायचे. एक पक्ष सगळ्यांचे अर्थ आधी सांगतो, दुसरा कुणाचाच सांगत नाही. शिक्षकाचे खरे काम त्याच्या आधीचे, निवडीचे आहे. हा शब्द कळला नाही तर कथा अडते का? मजकूर स्वतःच तो अर्थ देतो का? आणि हा शब्द मुलाला पुन्हा कुठे भेटणार आहे का? आपल्या वाक्यांत नाडा न कळल्यास तात्यांचे मौनच कळत नाही, म्हणून तो आधी सांगायचा, आणि तोही व्याख्येने सांगायचा नाही. फळ्यावर विहीर, उतार, बैल आणि दोर एवढे चार रेघांत काढले की नाडा, धाव, थारोळे, पाट ही चारही नावे आपापल्या जागी बसतात. सोपा मुलांवर सोडावा, त्यांनी अंदाज करावा आणि पुढचे वाचून तो टिकतो का ते पाहावे. आता उरला ‘ओसरणे’. शब्दार्थांच्या यादीत हा क्वचितच येतो, कारण तो ग्रामीण नाही, जुना नाही, ‘कठीण’ दिसत नाही. खरे तर तासातला सर्वांत जास्त वेळ त्याला द्यायला हवा. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, ताप ओसरतो, उत्साह ओसरतो, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी चढलेले हळूहळू खाली येत असते. एकदम तुटलेल्या, संपलेल्या गोष्टीला ओसरली म्हणत नाहीत. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला वर्तमानपत्रापासून कादंबरीपर्यंत तो शब्द पुढे कामाला येतो. मुलाला मोट कदाचित आयुष्यात पुन्हा भेटणार नाही, ओसरणे पुढच्या आठवड्यातच भेटेल. आपल्या याद्या नेमक्या उलट्या असतात : विरळ नामांनी भरलेल्या, आणि रोज लागणाऱ्या पण अर्धवट कळलेल्या क्रियापदांविषयी गप्प.

‘अडलं तरी पुढे वाचत जा, ओघात कळेल’ हा सल्ला किती खरा, हे अनोळखी शब्द किती दाट आहेत यावर ठरते. हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या वाचकांना एक कथात्म मजकूर देऊन हे तपासले. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना कुणालाच तो नीट समजला नाही. मदतीशिवाय समजण्यासाठी साधारण ९८ टक्के, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी, इतके प्रमाण लागते असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपल्या शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये चिकटून येतात आणि मोजणीच बदलते. पण त्यामागचे कारण भाषेनुसार बदलत नाही. आजूबाजूचे शब्द कळले तरच संदर्भ तयार होतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा घरी गुजराती, तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुलेही तीच भाषा वाचू लागली. त्यांच्यासमोर दर ओळीला दोन शब्द अडणारी कथा ठेवून ‘अंदाज करा’ म्हणणे बरे नाही. तिथे शिक्षकाने मोठ्याने वाचून, हावभावांनी कथा उभी करावी, नाहीतर दुसरी कथा निवडावी.

कोशाबद्दलही एक भाबडी समजूत असते, की तो हाती दिला की झाले. मराठी कोशात धावेवर, थारोळ्यात, सोप्यात हे शब्द त्या रूपात सापडणार नाहीत, शोधायचे ते धाव, थारोळे, सोपा. म्हणजे प्रत्यय सोडवून, सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे परत यायला हवे. हे व्याकरणाच्या तासाला शिकवले जाते, पण कोश उघडताना त्याची आठवण कुणी करून देत नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे (१९३२ ते १९३८) खंड उघडले तर एकाच शब्दाला पाच-सहा अर्थ भेटतात, आणि त्यांतला आपल्या वाक्याला कोणता बसतो हे शेवटी वाक्यच ठरवते. म्हणून कोश आधी नको, अंदाजानंतर हवा. शब्दाची फोड करून अर्थ काढण्याचेही तसेच आहे. बेफिकीर, बेसावध, बेजबाबदार यांत ‘बे’ उपयोगी पडतो, पण बेसन आणि बेडूक तिथेच बसलेले असतात.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. तास ३५-४० मिनिटांचा, अभ्यासक्रम लांब. पण वीस शब्दार्थ उतरवून घेण्यातही वेळ जातोच. त्याच वेळात पाच शब्द नीट होतात. उरलेल्या पंधरांतले काही मजकूर स्वतःच सांगतो, काही न कळताही कथा कळते. मोठे वाचकही असे शब्द सोडून पुढे जातच असतात. दुसरा आक्षेप परीक्षेचा : शब्दाचा अर्थ लिहा असा प्रश्न येणार असेल तर मुलांनी काय करायचे? उत्तर असे, की वाक्यात वापरता येणाऱ्या मुलाला अर्थ लिहिता येतो, उलटे मात्र होईलच असे नाही. शाळेतल्या चाचणीचा प्रश्न तर शिक्षकच काढतात. ‘थारोळे या शब्दाचा अर्थ लिहा’ याऐवजी ‘नाडा तुटल्यावर थारोळ्यातले पाणी का ओसरले?’ असे विचारता येते. याचे उत्तर यादी पाठ करून देता येत नाही. मोट विहिरीतून वर येईनाशी झाली, हे ज्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले त्यालाच ते देता येते, मग त्याच्या वहीत थारोळ्यासमोर ‘कुंड’ लिहिलेले असो वा नसो.