नाणेफेकीतून घडलेले संकेत

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने मार्च 2025 मध्ये ‘एचक्यूसी’ ही कूटपद्धत राखीव म्हणून निवडली, तेव्हा बातम्यांचा सारा भर क्वांटम संगणकाच्या धोक्यावर राहिला. वस्तुतः या पद्धतीचे मूळ गोंगाटी तारेवरून निरोप शुद्ध कसा पोहोचवावा या जुन्या प्रश्नात आहे, आणि तेच अधिक रंजक आहे.

प्रत्येक गोंगाटी मार्गाला ठरावीक क्षमता असते व तिच्या आतील वेगाने निरोप जवळजवळ बिनचूक पाठवता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये सिद्ध केले, तेही संकेत कौशल्याने न रचता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून. मात्र 500 बिटांच्या निरोपांना 1000 बिटांचे असे संकेतशब्द नेमायचे, तर 2 च्या 500 व्या घाताइतक्या नोंदींची वही लागेल. अणूगणिक एक नोंद केली तरी दृश्य विश्व त्यासाठी अपुरे पडेल.

ही वही फेकून देण्याचे श्रेय एमआयटीच्या पीटर इलायस यांचे असून ते त्यांना फारसे मिळालेले नाही. 500 ओळी व 1000 स्तंभांच्या तक्त्यात, प्रत्येक घरासाठी नाणे उडवून, शून्य किंवा एक भरावा. निरोपात जेथे जेथे एक असेल त्या क्रमांकाच्या ओळी निवडून, एक अधिक एक म्हणजे शून्य या नियमाने, त्यांची बेरीज करावी. अशा संकेताला रेषीय म्हणतात, कारण दोन संकेतशब्दांची बेरीजही संकेतशब्दच असते. प्रत्येक बिट सारख्याच शक्यतेने उलटवणाऱ्या मार्गावर एवढ्या पाच लाख नाणेफेकींच्या जातीचे संकेतही शॅनन यांची मर्यादा गाठतात, हे इलायस यांनी 1955 मध्ये दाखवले. सर्व शब्द परस्परांपासून स्वतंत्र असण्याची गरजच नसते, कोणत्याही दोहोंमधील फरक यादृच्छिक असला की भागते, हे त्यातील मर्म होय.

अडचण उकलण्यात आहे. बिघडलेल्या शब्दाला सर्वांत जवळचा संकेतशब्द शोधणे हा सर्वसाधारण प्रश्न ‘एनपी-पूर्ण’, म्हणजे ज्याची झटपट रीत कोणालाही सापडलेली नाही अशा कुप्रसिद्ध प्रश्नांपैकी, असल्याचे बर्लेकँप, मॅकएलिस आणि व्हॅन टिलबोर्ग यांनी 1978 मध्ये सिद्ध केले, आणि त्याच वर्षी मॅकएलिस यांनी या नामुष्कीचेच कुलूप केले: चुका मुद्दाम मिसळाव्यात, गुपित रचना जाणणाऱ्यालाच त्या काढता याव्यात. एचक्यूसी त्याच घराण्यातील आहे.

तिला अभेद्य म्हणणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. एनपी-पूर्णता सर्वांत अवघड तक्त्यांविषयी बोलते, नाणेफेकीतून आलेल्या सामान्य तक्त्याविषयी नव्हे. शिवाय किल्ली आटोपशीर राहावी म्हणून एचक्यूसीच्या तक्त्यात एकच ओळ चक्राकार सरकवत पुढच्या ओळी बनवतात, आणि ही शिस्त हल्लेखोराच्या कितपत कामी येईल याची परीक्षा मूळ प्रश्नाइतकी जुनी नाही.