सायकलीचा सांगाडा किती वर्षें टिकावा?

एकत्र कुटुंबांत वस्तूंचें आयुष्य माणसांच्या आयुष्याशीं जोडलेलें असतें. तांब्याचें घंगाळ आजीच्या वेळचें, पाट पणजोबांच्या वेळचे, आणि थोरल्याची सायकल यथाकाळ धाकट्याची, हा क्रम घरोघरीं चालत आला आहे. सायकलीच्या बाबतींत मात्र तो यापुढें विचारपूर्वक पाळावा असें आम्हांस वाटतें. आमच्या आर्णींत आज मुलांच्या हातीं ज्या सायकली दिसतात, त्या आमच्या पिढीच्या काळ्या लोखंडी सायकलींच्या जातीच्या नाहींत. जाड टायर, पुढें स्प्रिंगा, मागें दांत्यांच्या चक्रांची उतरंड, आणि नांव ‘माउंटन बाईक’. अशी सायकल पुतण्यास द्यावी काय, आणि किती वर्षांनीं देऊं नये, हा प्रश्न काटकसरीचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक मुलाच्या हातापायांचा आहे.

सायकलीशीं महाराष्ट्रीयांचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1888 सालीं बेळगांवांत प्रथम सायकलींचेंच दुकान घातलें, आणि त्यांतून पुढें त्यांच्या कारखानदारीचा वृक्ष वाढला. डोंगरी सायकल त्यामानानें अलीकडची. 1976 च्या सुमारास अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांत, कांहीं तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावूं लागले. त्या जुन्या सांगाड्यांस हा मारा सोसेना. तेव्हां जो ब्रीझ नांवाच्या तरुणानें 1977 सालीं मुद्दाम याच कामासाठीं नवे सांगाडे घडविले. म्हणजे सांगाडा किती टिकतो हा प्रश्न या सायकलीस जन्मापासूनच चिकटलेला आहे.

धातु मोडतो तो नेहमीं एकाच मोठ्या आघातानें मोडतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. 1842 सालीं फ्रान्सांत व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस धांवतां धांवतां तुटला व भयंकर प्राणहानि झाली. पुढें औगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानें आगगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले. एका वेळीं सहज पेलणारा भारहि लक्षावधि वेळां पडला तर धातूस थकवा येतो, बारीक चीर पडते, आणि ती वाढत जाऊन अखेर तुकडा पडतो, हें त्यानें दाखविलें. म्हणून सांगाड्याचें वय पंचांगावरून काढूं नये. त्यानें सोसलेले दाब व धक्के हेंच त्याचें खरें वय.

येथें धातूची जात महत्त्वाची ठरते. पोलादास एक मर्यादा असते; भार तिच्या खालीं राहिला तर तो कितीहि वेळां पडो, थकव्यानें पोलाद तुटत नाहीं. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं; लहानसा भारहि त्याच्या खात्यांतून कांहींतरी वजा करितोच. म्हणून कारखानदार त्याच्या नळ्या मोठ्या घेराच्या करून ताण कमी ठेवितात. चांगल्या बनावटीचा असा सांगाडा पुष्कळ वर्षें जातो, तथापि त्याचें आयुष्य मोजकें आहे. शिवाय त्यास चीर गेली तर साध्या वेल्डिंगनें निभावत नाहीं. जोडाच्या उष्णतेनें कारखान्यांत दिलेला कणखरपणा तेवढ्या भागीं नाहींसा होतो. पोलादाचा सांगाडा कुशल कारागीर पुन्हां जोडूं शकतो. आपली सायकल कोणत्या जातीची हें ओळखण्यास लोहचुंबक पुरे. चिकटला तर पोलाद.

सायकलींच्या सुरक्षिततेसाठीं 4210 क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यांतील एका कसोटींत डोंगरी सायकलीच्या पायडलांवर आळीपाळीनें सुमारें 120 किलोंचा दाब 1,00,000 वेळां देतात, आणि तरीहि सांगाड्यास चीर जातां कामा नये. आतां शाळेपासून 5 किलोमीटरांवर राहणाऱ्या मुलाचा हिशेब करूं. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें 5 मीटर जाते असें धरिल्यास जाण्यायेण्यांत रोज 2,000 फेरे होतात. शाळेचे 200 दिवस धरिले तर वर्षास 4,00,000. हा आंकडा पाहून घाबरूं नये. मुलाचा नित्याचा दाब कसोटींतल्या दाबाच्या लहानशा अंशाएवढा असतो, आणि भार निम्म्यावर आला कीं आयुष्य दुपटीहून कितीतरी अधिक वाढतें. उलट मागें मित्रास बसवून शेताच्या धुऱ्यावरून उड्या मारल्या कीं तेंच आयुष्य तितक्याच झपाट्यानें घटतें.

आमच्या भागाचें एक स्वतंत्र दुखणें आहे. अरुणावतीकांठची काळी माती पावसाळ्यांत चिमट्यास व पायडलांच्या आंसाखालीं चिकटून ओल धरून ठेविते. सीटच्या नळींतून उतरलेलें पाणी तळाशीं सांचतें, आणि पोलादी नळी आंतून गंजते. गंजलेल्या नळीस पोलादाच्या त्या मर्यादेचा भरंवसा उरत नाहीं. तीच माती उन्हाळ्यांत वाळली कीं पांदणींतील बंड्यांच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात व जोडांस हादरे देतात.

दुसरें दुखणें वाढत्या वयाचें. मुलगा उंच होतो तशी सीटची दांडी वर ओढली जाते. त्या दांडीवर कारखान्यानें एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसूं लागली कीं सर्व भार नळीच्या तोंडाशीं एकवटतो व तेथें चीर पडते. अशा वेळीं लांब दांडी घ्यावी, किंवा मोठी सायकल घ्यावी.

आमच्या शास्त्रांत स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे: एक शीत चेपून पाहिलें कीं भांड्यांतला भात शिजला किंवा नाहीं हें कळतें. सायकलीस हा न्याय लावूं नये. एक जोड शाबूत म्हणून दुसराहि शाबूत, असें होत नाहीं. पोळ्यानंतर एकदां व होळीच्या सुमारास एकदां सायकल धुवून, पुसून, उन्हांत उलटी ठेवावी. हँडलच्या नळीचे जोड, पायडलांच्या आंसाभोंवतालचे जोड, सीटखालचा जोड आणि मागच्या चाकाजवळचे जोड, हे सर्व क्रमानें पाहावे. रंगांत केसासारखी रेघ, रंगाचा फुगवटा, गंजाचा ओघळ, किंवा पूर्वीं नसलेली कुरकुर, यांपैकीं एकहि खूण आढळली तर कारागिराचें मत घेईपर्यंत सायकल बंद ठेवावी.

दुकानांत ‘आजन्म हमी’ ऐकूं येते. ती बहुधा मूळच्या दोषापुरती व पहिल्या मालकापुरती असते. पुतण्याच्या हातीं सायकल गेली कीं ती पुष्कळदां संपते. तेव्हां आमचें मत असें: कोरडी राखलेली पोलादी सायकल साध्या वापरांत 25 वर्षें जावी, शाळेस व बाजारास जाणारी अॅल्युमिनियमची 10 ते 15 वर्षें, आणि खरोखर डोंगरांत उड्या घेणाऱ्या सायकलीकडून 5 वर्षांहून अधिक अपेक्षा तपासणीवांचून ठेवूं नये. चीर गेलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा मात्र वय न विचारतां भंगारांत घालावा. आणि थोरल्यानें धाकट्यास सायकल देतांना तिनें किती पडझड सोसली हेंहि मोकळेपणानें सांगावें. कारण तेवढी गोष्ट वडील मंडळींस तपासून कळत नाहीं.