खजिन्याचा शोध आणि रविवारची सुटी

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत बोनस, महागाई भत्ता किंवा फार तर जुन्या संपांचा इतिहास यावर बोलावे, असा रिवाज आहे. यंदा आम्ही ट्रेझर हंट या खेळावर बोलणार, हे ऐकून चिटणीसांनी विषय दोनदा विचारून घेतला. पण हा खेळ हल्ली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरला आहे, आणि तेथे जे जे शिरते त्याची चौकशी करणे हा आमचा धंदाच आहे.

खेळाचा सांगाडा सोपा. चार-सहा जणांचे चमू पाडायचे आणि त्यांना शोधाला लावायचे. त्याचे दोन प्रकार. साखळीच्या खेळात पहिली चिठ्ठी कोड्यातून दुसऱ्या जागेचा पत्ता सांगते, दुसरी तिसऱ्या जागेचा, आणि शेवटी खजिना. यात खोट अशी की, एक चमू अडला की मागचे सगळे तेथेच गोळा होतात आणि डोके चालवण्याऐवजी पुढच्याच्या पाठीमागे धावतात. म्हणून जाणता संयोजक फेरा एकच ठेवतो, पण प्रत्येक चमूला निराळ्या जागेवरून सोडतो. यादीच्या खेळात साखळी नसते. वस्तूंची लांबलचक यादी हाती देतात, प्रत्येकीला गुण ठरलेले, आणि अमुक वाजता परत. सगळी यादी कोणालाच पुरी करता येत नाही. काय सोडायचे हे चमूने आपसांत ठरवणे, हीच त्यातली गंमत.

आता चिठ्ठीची जागा फोनने घेतली आहे. ॲपवर कोडे येते, भिंतीवरचा क्यूआर कोड टिपला की पुढचे उघडते, आणि जीपीएसमुळे तुम्ही खरोखर त्या जागी पोचल्याशिवाय गुण पडत नाहीत. शहरोशहरीचे तयार फेरे विकत मिळतात. वाढदिवसाला घ्या, लग्नाआधीच्या मित्रमंडळींच्या पार्टीला घ्या. २०२० च्या टाळेबंदीत तर लोक पडद्यासमोर बसून हा खेळ खेळले : "घरातली सर्वांत जुनी वस्तू दाखवा" म्हटले की जो तो माळ्यावर चढे.

श्रीमंतांनी या खेळाचे काय केले तेही पाहण्याजोगे आहे. १९०४ साली लंडनच्या 'वीकली डिस्पॅच' या पत्राने खप वाढवण्यासाठी ठिकठिकाणी पदके पुरून ठेवली. पदक सापडले की रोख बक्षीस. लोकांनी बागा आणि रस्ते उकरले, प्रकरण कोर्टात गेले. पुढे १९२४ च्या सुमारास त्याच शहरातली धनिकांची मुले रात्रीबेरात्री मोटारी उडवीत खजिने शोधू लागली. १९३६ साली अमेरिकेत 'माय मॅन गॉडफ्री' नावाचा बोलपट निघाला. त्यात बड्या लोकांच्या पार्टीत यादीचा खेळ चाललेला असतो आणि यादीत एक बाब असते : एक बेकार, विस्मृतीत गेलेला माणूस. श्रीमंताच्या मुली नदीकाठच्या उकिरड्यावर जाऊन तसा माणूस हुडकतात, त्याला पाच डॉलर देऊ करतात. चित्रपट विनोदी आहे. आम्ही तो पाहिला तेव्हा शेजारी सगळे हसत होते, आम्हांला मात्र आपल्याकडचा मजूर-नाका दिसत होता.

पण याच खेळाची दुसरी, बिनपैशाची परंपराही आहे. इंग्लंडात डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल येथे एक बाटली ठेवली. पायी तिथवर पोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड त्यात टाकावे. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या यंत्रालाही नेमकी जागा कळू लागली. लगेच ३ मे रोजी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून 'जिओकॅशिंग' उभे राहिले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे दडवलेले आहेत. नियम दोनच ओळींचा : वहीत नाव लिहा, आणि डब्यातले काही घेतले तर तेवढ्याच मोलाचे किंवा अधिक मोलाचे ठेवा.

आम्हांला सर्वांत आवडते ते मॅसॅच्युसेट्सच्या एम्.आय्.टी. विद्यापीठातले. तेथे १९८१ पासून दर जानेवारीत 'मिस्टरी हंट' होते. शेकडो कोडी, दिवसरात्र काम, आणि शेवटी आवारात दडवलेले एक नाणे. (मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीला जोडून ती भरते. किंग १९६८ साली मेंफिसला मारले गेले ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले असताना. हे आम्ही उगाच सांगत नाही. ही सुटीही कोणीतरी मिळवलेली आहे.) बक्षीस काय? जो चमू जिंकेल त्याने पुढच्या वर्षीची सगळी कोडी रचायची. म्हणजे जिंकणाऱ्याच्या गळ्यात वर्षभराचे काम! आणि ते मिळावे म्हणून हजारो माणसे झोप मोडतात.

बक्षीस जड झाले की काय होते याचेही उदाहरण आहे. फॉरेस्ट फेन या अमेरिकन गृहस्थांनी २०१० साली रॉकी पर्वतात सोन्याची पेटी लपवल्याचे जाहीर केले. २०२० साली ती सापडेपर्यंत किमान पाच माणसे त्या शोधात प्राणाला मुकली होती. खेळ बंद खोलीत नेला तर दाराची काळजी घ्यावी लागते. 'एस्केप रूम' हा प्रकार २००७ साली जपानात क्योटो येथे सुरू झाला आणि जगभर पसरला. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन गावी अशाच एका खोलीत आग लागून पंधरा-पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. कारखान्यात आम्ही बाहेर पडायच्या दारासाठी भांडतो तेव्हा मॅनेजर हसतात. खेळातही आधी तेच दार पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे. कंपन्यांना या खेळाचा भारी सोस लागला आहे. त्याने एकोपा वाढतो म्हणतात, आणि एकोप्याला आम्ही कसे नको म्हणू? पण एका कंपनीत हा एकोपा रविवारी सकाळी सात वाजता ठेवला होता. हजेरी ऐच्छिक, असे पत्रकात होते. गैरहजर राहणाऱ्यांची नावे मात्र वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर उतरली. एका बाईंचे मूल तापाने फणफणले होते. त्या मुलाला शेजारणीकडे ठेवून तळ्याकाठी लाल फीत शोधत हिंडत होत्या. ॲप फोनमध्ये घातले होते ते खेळ संपल्यावरही कोण कोठे आहे हे टिपत राहिले.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या सहा-सात वर्षांच्या झगड्यानंतर. ती सुटी हसतखेळत परत देऊन टाकायची काय? आम्ही त्या कंपनीपुढे चार गोष्टी ठेवल्या : खेळ कामाच्या वेळात हवा, नाही म्हणणाऱ्याची नोंद होता कामा नये, दुखापत झाली तर ती कामावरची धरावी, फोनमधली जागेची नोंद त्याच संध्याकाळी पुसावी. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरीवर पत्रव्यवहार चालू आहे. चौथीचा अर्थ समजावून सांगण्यातच दोन बैठका गेल्या. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल दिला आहे की, कंपनीच्या मौजमजेत सामील व्हायला नकार दिला म्हणून कामगाराला काढता येत नाही. तो निकाल आमच्याकडे बंधनकारक नाही. पण टेबलावर ठेवायला बरा पडतो.

खेळ वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या युनियनच्या मुलांच्या शिबिरात आम्हीही तो परळ-लालबागमध्ये खेळवला. फोनला विचारून सुटतील अशी कोडी मुद्दाम टाळली. "जेथे आता मॉल आहे तेथे पूर्वी कोणाच्या आजीची पाळी किती वाजता सुटायची?" याचे उत्तर म्हातारी माणसे गाठल्याशिवाय मिळत नाही. "ज्या मैदानाला तुमच्या आजोबांच्या वर्गाचे नाव आहे" म्हटल्यावर एक चमू शाळेच्या वर्गात शिरला! दुसरा थेट कामगार मैदानावर. चार वाजता मुले परतली ती घामाघूम, आणि दोन चमूंनी तर वाटेत भेटलेल्या एका निवृत्त साचेवाल्यालाच बरोबर आणले होते. गुण कोणाला द्यायचे यावर वाद झाला. शेवटी दोघांना वाटून दिले.

खजिना म्हणजे पाटीभर बोरे आणि चिंचा. एम्.आय्.टी.चा नियम मात्र आम्ही उचलला आहे. जिंकलेल्या पाच मुली पुढच्या शिबिराची कोडी रचत आहेत. आम्ही काही विचारले तर वही झाकून घेतात.