मेंदू शिकायचा तर पदवी कशाची?

बुलढाणा जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की एक चित्र पुष्कळांच्या पाहण्यात येते. फवारणी करून आलेल्या माणसाला दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंडामांड्यांचे स्नायू फडफडू लागतात. मग अंगातले बळ जाते. श्वासाचे स्नायूच थकले तर माणूस दगावतो. २०१७ साली विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला आठवत असेल.

हे कशामुळे होते? मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये अतिशय अरुंद फट असते. तंतूच्या टोकाशी विजेचा संदेश पोचला की तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन फटीत सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाल्यावर एक विकर या रसायनाचे तत्काळ तुकडे करते. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हे विकर निकामी करतात. रसायन फटीत साचत राहते, आधी स्नायू फडफडतात आणि शेवटी लुळे पडतात. डॉक्टर देतात ते अ‍ॅट्रोपीन ग्रंथी आणि हृदय यांच्यावरचा परिणाम रोखते, पण स्नायूंचा लुळेपणा त्याने जात नाही. म्हणून अशा रुग्णाला कधी कधी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते.

आता हा धडा कोणत्या विषयाचा, ते सांगा बरे! विकर रसायनशास्त्राचे, विजेचा संदेश भौतिकशास्त्राचा, स्नायू जीवशास्त्राचा. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावलेले पाहिले. मज्जातंतू रसायनाच्या मार्फत काम करतो याचा तो पुरावा होता. त्यासाठी लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्याबरोबर मिळाले. तंतूतून वीज कशी धावते हे १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी समीकरणांत मांडले. केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

सांगायचे कारण असे की दहावीनंतरची मोठी चूक इथेच होते. 'मेंदूचा अभ्यास करायचा आहे' असे म्हणणाऱ्या मुलाला आपण चटकन 'मग डॉक्टर हो' म्हणतो, आणि अकरावीत गणित सुटते. खरे तर राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. ओझे वाढते, हे खरे. पण आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात. गणित सोडलेल्याला तिथे बसता येते, पण एक चतुर्थांश प्रश्नपत्रिका त्याला परकी असते.

डॉक्टरकीचा रस्ता चुकीचा नाही. २०२४ पासून बुलढाण्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र मेंदूच्या रोग्यावर उपचार करणे आणि मेंदू कसा चालतो याचा शोध घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला, म्हणजे न्यूरोसायन्सला, एम.बी.बी.एस. लागत नाही.

त्या नावाची पदवी देणाऱ्या जागा आपल्या देशात थोड्याच आहेत, आणि त्या शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. शुभा टोळे यांचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या मेंदूची जडणघडण कशी होते याचा अभ्यास करतात. २०१० मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांनी पदवी घेतली ती सेंट झेवियर्स महाविद्यालयातून, जीवविज्ञान आणि जीवरसायनशास्त्र या विषयांत. स्मृती आणि ताण यांवर काम करणारे सुमंत्र चटर्जी तर आय.आय.टी. कानपूरचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात पीएच.डी.साठी भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, मानसशास्त्र, वैद्यक अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली मुले घेतात.

तेव्हा पदवीचा बेत आखताना नावापेक्षा आत काय शिकायला मिळते ते पाहावे. आयसर पुणे ही २००६ मध्ये सुरू झालेली संस्था. तिथे पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सर्वच विज्ञाने शिकावी लागतात आणि शेवटचे वर्ष संशोधन प्रकल्पाचे असते.

पण सगळ्यांना पुण्याला जाणे जमत नाही, विशेषतः मुलींना घरून परवानगी मिळत नाही, हे आपण रोज पाहतो. खामगाव, चिखली, मलकापूर किंवा बुलढाण्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणारीने निराश होऊ नये. प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावे, महाविद्यालयात सोय असेल तर संख्याशास्त्र किंवा संगणकाची जोड द्यावी. एनपीटीईएलवर व्याख्याने फुकट आहेत. ती इंग्रजीत असतात, म्हणून पहिल्या वर्षी वेग कमी पडला तरी चालेल. प्रयोगशाळेचा अनुभव हीच आपल्याकडची खरी उणीव. ती भरून काढायला उन्हाळ्याची सुटी उपयोगी पडते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, आणि ती शिक्षकांनाही खुली असते. अर्ज हिवाळ्याच्या सुमारासच करावा लागतो, त्यामुळे परीक्षा संपल्यावर विचारणारा विद्यार्थी नेहमी उशिरा येतो.

आवड खरी आहे की नाही हे पाहायला एक फूटपट्टी पुरे. एकाने पट्टी उभी धरून अचानक सोडावी, दुसऱ्याने चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटीमीटर घसरली तर वेळ ०.२ सेकंद येतो (अंतर दुप्पट करून ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा; अंतर मीटरमध्ये घ्या). डोळ्यापासून मेंदूमार्गे बोटापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर. मज्जातंतूतला वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर प्रवासाला ०.०२ सेकंदच लागायला हवेत. मग उरलेला वेळ कुठे गेला? वर्गात हा प्रश्न टाकून गप्प बसावे. काही मुले उत्तर विचारतील. एखादी पट्टी घरी नेईल, भावंडांवर, आजीवर, जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजून वहीत आकडे भरून आणेल. विषय निवडायच्या आधी तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून घ्यावे.